मेंढीची कूस आणि सूक्ष्मजंतू

धनगराच्या वाड्यात एखादी मेंढी दोन हंगाम गाभण राहिली नाही, किंवा राहिली आणि दिवस भरण्यापूर्वीच गाभडली, म्हणजे तिचा निकाल बहुधा एकाच रीतीने लागतो. ती भाकड ठरते आणि पुढच्या आठवड्याच्या बाजारात उभी केली जाते. घेणारा तिला खाटकाकडे नेतो. ती अंगाने धडधाकट असेल तर आपल्या कळपात सोडतो. मूळ मालकाला चार पैसे मिळतात आणि कळपातील दोष गेला असे समाधान वाटते. व्यवहाराच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचा दिसतो; शास्त्राच्या दृष्टीने मात्र तो पुष्कळदा चुकीचा असतो. दोष त्या मेंढीचा होता, की तिच्यावर सोडलेल्या एडक्याचा, की ज्या कुरणात आदल्या महिन्यात दुसरी मेंढी गाभडली त्या कुरणाचा, याची चौकशी कोणी केलेलीच नसते.

मेंढीच्या वंध्यत्वाची कारणे अनेक आहेत हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे. उन्हाळ्यात चारा तुटला, अंगात क्षार कमी पडले, पोटात कृमी झाले किंवा कडक ऊन लागले, तर माज लांबतो आणि गर्भ ठरत नाही. उपाशी मेंढीला जंतुशास्त्राचा काही उपयोग नाही. परंतु चारापाणी ठीक असूनही ज्या कळपात कोकरांची संख्या वर्षानुवर्षे घटत जाते, त्या कळपात नर व मादी यांच्या जननमार्गांतील सूक्ष्मजंतूंकडे लक्ष गेलेच पाहिजे. या जंतूंचे प्रकार अनेक आहेत. त्यांच्या वागण्याच्या रीती भिन्न आहेत आणि त्यांवरील उपायही परस्परांहून वेगळे, क्वचित परस्परविरोधी आहेत. म्हणून जंतूचे नाव कळल्यावाचून मेंढीविषयी कायमचा निर्णय घेऊ नये, हा नियम मेंढपाळाने, पशुवैद्याने आणि शासनानेही स्वीकारणे अगत्याचे आहे.

निरोगी मेंढीतील जंतू

सूक्ष्मजंतू म्हटले की रोग, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नव्हे. निरोगी मेंढीच्या योनिमार्गात नाना जातींचे जंतू नेहमीच वस्ती करून असतात. स्त्रीच्या योनिमार्गात बहुधा लॅक्टोबॅसिलस या, दुधाचे दही करणाऱ्या कुळातील जंतूंचे प्राबल्य असते आणि त्यांनी निर्माण केलेल्या आम्लामुळे इतर जंतूंना तेथे सहसा थारा मिळत नाही. मेंढीची गोष्ट निराळी आहे. तिच्यात लॅक्टोबॅसिलस फारच थोडे आढळतात, मार्ग आम्लही नसतो व अल्कलीही नसतो, आणि जंतूंची वस्ती संमिश्र असते. तेव्हा मेंढीच्या योनिमार्गात जंतू सापडले एवढ्यावरून ती रोगी ठरत नाही.

मग गर्भाशयाचे रक्षण कोण करतो? पहिला पहारा गर्भाशयाच्या ग्रीवेचा. मेंढीची ग्रीवा वळ्यावळ्यांची व अरुंद असते. इतकी, की कृत्रिम रेतनाची नळीही तिच्यातून पार नेणे अवघड जाते. दुसरा पहारा रक्तातील श्वेतकणांचा, आणि त्याची जागरूकता शरीरातील संप्रेरकांवर अवलंबून असते. मेंढीचे ऋतुचक्र सुमारे १७ दिवसांचे असते. माजाच्या वेळी इस्ट्रोजेन वाढते, गर्भाशयाला रक्ताचा पुरवठा वाढतो, चिकट स्राव वाहू लागतो आणि आत शिरलेले जंतू बाहेर लोटले जातात. माज ओसरल्यावर प्रोजेस्टेरॉनचा अंमल सुरू होतो. गर्भाचा अर्धा अंश पित्याकडून आलेला, म्हणजे मातेच्या शरीराला परका असतो. तो टिकावा म्हणून निसर्ग या काळात गर्भाशयाचा प्रतिकार सौम्य करतो. अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत मेंढ्यांच्या गर्भाशयात या दोन्ही काळांत जंतू सोडून पाहण्यात आले. माजाच्या सुमारास सोडलेले जंतू मेंढ्यांनी नाहीसे केले; प्रोजेस्टेरॉनच्या अंमलात सोडलेल्या जंतूंनी गर्भाशयात पू धरविला. तात्पर्य, जंतू कोणता याबरोबरच तो कोणत्या वेळी आत शिरला यालाही महत्त्व आहे.

या ज्ञानाचा प्रत्यक्ष उपयोग एका ठिकाणी तात्काळ होतो. सर्व मेंढ्या एकाच वेळी माजावर याव्यात म्हणून प्रोजेस्टेरॉनसारखे औषध भरलेला स्पंज योनिमार्गात १२ ते १४ दिवस ठेवण्याची पद्धत आहे. सिडनी विद्यापीठातील टी. जे. रॉबिन्सन यांनी ती १९६०च्या दशकात विकसित केली. राजस्थानातील अविकानगर येथे १९६२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने असा देशी स्पंजही तयार केला आहे. स्पंज काढताना दुर्गंधीयुक्त स्राव येतो आणि तपासल्यास त्यात ई. कोलाय व तत्सम आतड्यांतील जंतूंची वाढ झालेली दिसते. हे पाहून मेंढपाळ घाबरतो आणि प्रत्येक स्पंजाबरोबर प्रतिजैविक औषधाची भुकटी भरण्याचा आग्रह धरला जातो. वस्तुतः स्पंज निघाल्यावर माज येतो, स्राव वाहून जातो आणि बहुसंख्य मेंढ्यांत थोड्याच दिवसांत जंतूंची वस्ती पूर्वपदावर येते. स्वच्छ हात, प्रत्येक मेंढीमागे धुऊन जंतुरहित केलेली नळी आणि कोरडी जागा यांनी जे काम होते, ते भुकटीवर सोपविणे योग्य नाही. औषधाच्या नित्य वापराने त्याला न जुमानणारे जंतू तयार होतात, आणि तेच औषध पुढे मेंढीला किंवा माणसाला खरोखर लागते तेव्हा निरुपयोगी ठरते.

एडक्याची तपासणी

कळपात कोकरे कमी झाली की बोट मेंढीकडे दाखविले जाते. परंतु एक मेंढी वांझ निघाली तर वर्षाचे एखाददुसरे कोकरू बुडते. एक एडका निकामी झाला तर तीसचाळीस मेंढ्यांचा हंगाम बुडतो. एवढा साधा हिशेब असूनही, पैदाशीच्या नराची तपासणी हंगामापूर्वी करण्याची चाल फारच थोड्या ठिकाणी आहे.

न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया या देशांत या बाबतीत जे घडले ते बोधप्रद आहे. तेथील एडक्यांच्या वृषणांजवळ कठीण गाठी येतात आणि असे नर सोडलेल्या मेंढ्या मोठ्या संख्येने रिकाम्या राहतात, असे दिसून येत होते. १९५३ साली दोन्ही देशांतील शास्त्रज्ञांनी जवळजवळ एकाच वेळी या रोगाचा जंतू शोधून काढला. त्याला पुढे ब्रुसेला ओव्हिस हे नाव मिळाले. वृषणात तयार झालेले शुक्रजंतू ज्या वळ्यावळ्यांच्या नळीत परिपक्व होतात, त्या अधिवृषणात हा जंतू घर करतो. तेथे सूज येते, नळी बंद होते आणि एडका अंगाने पुष्ट, माजाने सशक्त, पण प्रजननास असमर्थ असा होतो. रोगट एडका व निरोगी एडका एकत्र ठेवल्यास तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. रोगट नराने फळविलेल्या मेंढीवर त्याच माजात दुसरा नर गेला तर त्यालाही तो जडतो. मेंढीत मात्र हा जंतू बहुधा फार काळ टिकत नाही. क्वचितच ती गाभडते. म्हणजे या रोगापुरते बोलावयाचे तर, बाजारात गेलेली मेंढी निर्दोष असते आणि दोषी कळपातच राहतो. माणसाला या जंतूपासून रोग होत नाही. परंतु मेंढपाळाचा संसार बुडविण्यास तो पुरेसा आहे.

कोवळ्या एडक्यांत अशीच सूज ॲक्टिनोबॅसिलस सेमिनिस व त्याच्या वर्गातील इतर जंतूंमुळेही येते. ब्रुसेला ओव्हिस व हे जंतू यांतील भेद हाताने चाचपून कळत नाही. त्यासाठी वीर्याची व रक्ताची परीक्षा करावी लागते. तरीही चाचपणीचे महत्त्व कमी होत नाही. एडक्याला उभा करून, मागून दोन्ही वृषणे हातांत घ्यावीत. ती सारख्या आकाराची, घट्ट व पिशवीत सहज सरकणारी असावीत. खालच्या टोकाशी अधिवृषणाची शेपटी लागते. तेथे कठीण गाठ, दुखरेपणा किंवा एका बाजूस मोठेपणा आढळल्यास तो नर बाजूला काढून पशुवैद्यास दाखवावा. या कामास पैसा लागत नाही आणि एका एडक्यास काही मिनिटे पुरतात. मात्र हाताला काही लागले नाही म्हणजे एडका निरोगी आहे असे समजू नये. बाधा झालेल्या पुष्कळ नरांत गाठ येतच नाही, आणि म्हणूनच रक्ताची परीक्षा आवश्यक ठरते.

गाभडण्याची तीन कारणे व तीन निवाडे

गर्भ ठरल्यावर तो सुमारे १५० दिवस वाढावयाचा असतो. या काळाच्या उत्तरार्धात, पुष्कळदा अगदी शेवटच्या काही आठवड्यांत, मेंढी गाभडते तेव्हा त्यामागे अनेक जंतू असू शकतात. त्यांतील तिघांचा विचार केला तरी निदानाचा आग्रह का धरावयाचा हे स्पष्ट होईल.

पहिला कॅम्पिलोबॅक्टर. मॅकफेडियन व स्टॉकमन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी गाभडलेल्या मेंढ्यांत तो ओळखून १९१३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. गाईंमध्ये याचा एक प्रकार संयोगातून पसरतो. मेंढीत मात्र तो तोंडावाटे येतो. गाभडलेल्या मेंढीची वार, मेलेले पिलू किंवा स्राव यांनी दूषित झालेला चारा व पाणी हा त्याचा मार्ग होय. एकदा गाभडलेली मेंढी या जंतूविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळविते आणि पुढील हंगामात बहुधा सुखरूप विते. तिला विकून नवी मेंढी आणणे म्हणजे संरक्षण मिळालेले जनावर देऊन संरक्षण नसलेले घेणे होय.

दुसरा क्लॅमिडिया ॲबॉर्टस. स्कॉटलंडमधील स्टॅम्प व त्यांचे सहकारी यांनी १९५० साली याचा छडा लावला. हा जंतू पेशींच्या आतच वाढतो आणि त्या काळी त्याची गणना विषाणूंसमान जीवांत होत असे. त्याची रीत कपटी आहे. एका विण्याच्या हंगामात मेंढीला त्याची बाधा होते, पण काही दिसत नाही. तो शरीरात दबा धरून राहतो आणि पुढच्या गाभणकाळात वारेवर हल्ला करून शेवटच्या दोनतीन आठवड्यांत पिलू पाडतो. अशी मेंढी सहसा पुन्हा गाभडत नाही. परंतु ज्या कळपात हा रोग नाही तेथे ती गेल्यास रोग तिच्याबरोबर जाण्याची भीती असते. येथे निवाडा असा, की तिला बाधित कळपात ठेवता येईल, पण बाजारात नेऊन निरोगी कळपाच्या गळ्यात बांधता कामा नये.

तिसरा ब्रुसेला मेलिटेन्सिस; हा सर्वांत भयंकर. १८८७ साली डेव्हिड ब्रूस यांनी माल्टा बेटावरील तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून तो मिळविल्याचे जाहीर केले, आणि १९०५ साली थेमिस्टोक्लिस झामिट यांनी तो शेळ्यांच्या दुधातून येतो हे दाखवून दिले. शेळी व मेंढी यांच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची एक शर्करासदृश वस्तू असते; तिच्यावर ब्रुसेला कुळातील रोगजंतूंचे विशेष पोषण होते. म्हणून या जंतूंचा मारा गर्भाशयावर व वारेवर होतो, आणि एका गाभडण्यात ते असंख्य प्रमाणात बाहेर पडतात. मेंढी बरी दिसू लागली तरी तिच्या स्रावातून व दुधातून ते दीर्घकाळ बाहेर येऊ शकतात. पेशींच्या आत दडल्यामुळे औषधाने जनावर निश्चितपणे निर्जंतुक होत नाही. अशा मेंढीला पशुवैद्याच्या देखरेखीखाली कळपातून काढणे हाच मार्ग उरतो.

म्हणजे पहिलीला ठेवावे, दुसरीला ठेवावे पण हलवू नये, आणि तिसरीला काढावे. तिघींचे बाह्य लक्षण एकच: अकाली पडलेले पिलू आणि बहुधा बिघडलेली वार. अनुभवी धनगराचा डोळा जनावराच्या बाबतीत तीक्ष्ण असतो. परंतु हा भेद कोणत्याही डोळ्याला दिसणारा नाही. तो सूक्ष्मदर्शकाखाली व रक्तपरीक्षेतच दिसतो.

घरातील माणसे

हा प्रश्न केवळ कोकरांचा असता तरी महत्त्वाचा ठरला असता. पण अडलेल्या मेंढीला सोडविणारे हात घरातल्यांचे असतात. बहुतेक वेळा ते उघडे असतात आणि पुष्कळदा ते स्त्रियांचे असतात. ब्रुसेला मेलिटेन्सिसमुळे माणसाला वारंवार उलटणारा ताप येतो, सांधे व कंबर धरते, घाम सुटतो आणि माणूस महिनेच्या महिने कामातून जातो. साधा हिवताप समजून त्यावर भलतेच औषध चालू राहते. क्लॅमिडिया ॲबॉर्टस गर्भवती स्त्रीच्या गर्भाला व तिच्या स्वतःच्या जीवालाही धोका पोहोचवू शकतो. म्हणून गर्भवती स्त्रीने विणाऱ्या किंवा गाभडलेल्या मेंढीस हात लावू नये, तेथील कपडेही धुऊ नयेत. मेंढीचे किंवा शेळीचे दूध न उकळता कोणी पिऊ नये. पडलेले पिलू व वार कुत्र्यांपुढे टाकण्याची रीत तर तत्काळ सोडली पाहिजे. कुत्रा तो ऐवज वाडाभर फिरवितो. परीक्षेसाठी नमुना काढून घेतल्यावर उरलेले सर्व पाणवठ्यापासून दूर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे.

आक्षेप आणि धोरण

यावर एक आक्षेप घेतला जाईल. पश्चिम महाराष्ट्रातील धनगर दिवाळीनंतर कोकणात उतरतो, भातशेतांत मेंढ्या बसवितो आणि पावसापूर्वी देशावर परततो. राजस्थानातील रायका, हिमाचलातील गद्दी यांचेही जीवन असेच फिरते असते. आज या शिवारात तर उद्या त्या, अशा माणसाने प्रयोगशाळा कोठे शोधावयाची? आक्षेप रास्त आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. मेंढपाळ प्रयोगशाळेकडे जाऊ शकत नसेल तर नमुना तिकडे जाण्याची सोय झाली पाहिजे. वारेचा तुकडा, पिलाच्या जठरातील द्रव आणि मेंढीचे थोडे रक्त बर्फावर ठेवून वेळेवर पोहोचले म्हणजे पुष्कळ काम होते. देशात प्रयोगशाळांची परंपरा नवी नाही. पशुरोगांसाठी शासकीय जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यातच निघाली, १८९३ साली मुक्तेश्वरला हलली आणि तिचीच पुढे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. संस्था आहेत, वाघरीपासून त्यांच्या दारापर्यंतचा रस्ता मात्र अद्याप नीट बांधलेला नाही.

दुसरी उणीव धोरणाची आहे. २०१९ साली केंद्र शासनाने लाळ-खुरकूत व ब्रुसेलोसिस यांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्यात ब्रुसेलोसिसची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व पारड्या यांच्यासाठी योजण्यात आली; मेंढी व शेळी त्या लसीच्या योजनेबाहेर राहिल्या. गाई-म्हशींचे संरक्षण योग्यच आहे. परंतु माणसाला अधिक तीव्र रोग देणारा ब्रुसेला मेलिटेन्सिस हा प्रामुख्याने शेळ्या-मेंढ्यांचा जंतू आहे, आणि २०१९च्या पशुगणनेत देशातील मेंढ्यांची संख्या सात कोटींहून अधिक भरली. त्यांच्यासाठी रेव्ह-१ ही लस उपलब्ध आहे व अनेक देशांत ती वापरली गेली आहे. ती गाभण मेंढीस दिल्यास गर्भपात घडवू शकते आणि टोचणाऱ्याच्या अंगात गेल्यास त्यालाही अपाय करते. तेव्हा ती सरसकट वाटण्याची वस्तू नव्हे. म्हणूनच आधी कोणत्या प्रदेशात कोणता जंतू किती आहे याची पाहणी, मग निवडक भागांत कोकरांना लस, असा क्रम असावा.

मेंढीसुधारणेच्या योजनांत आजवर जातीवर भर दिला गेला, आणि त्याला फळही आले. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गारोळ मेंढीचा जुळी देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणला व ‘नारी सुवर्ण’ ही जात सिद्ध केली. हे कार्य गौरवास पात्र आहे. परंतु जुळी धारण करणाऱ्या मेंढीच्या वारेत जंतू शिरला तर एकाऐवजी दोन कोकरे जातात. जनुकाने दिलेले जंतूने नेऊ नये, याची तजवीज त्याच योजनेत असावयास हवी. शासन किंवा सहकारी संस्था पैदाशीसाठी जे एडके वाटतात, त्यांतील एकही नर रक्तपरीक्षेवाचून गावात जाऊ नये. न तपासलेला उत्तम जातीचा एडका म्हणजे दहा कळपांत रोग पोहोचविण्याचे साधन होय.

मेंढपाळाने स्वतः करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. हंगामापूर्वी प्रत्येक एडका चाचपून पाहावा. शेजाऱ्याचा न तपासलेला नर उसना घेऊ नये व आपला देऊ नये. गाभडलेली मेंढी लगेच वेगळी बांधावी, नमुना पशुवैद्याकडे पोहोचवावा आणि उत्तर येईपर्यंत तिला बाजार दाखवू नये. हे उत्तर त्याच्या हाती त्या हंगामातच पडेल, अशी व्यवस्था उभी करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. ते उत्तर महिन्यांनी येणार असेल, तर मेंढपाळ त्याची वाट पाहणार नाही आणि त्याला त्याबद्दल दोषही देता येणार नाही. ती मेंढी तोवर दुसऱ्या कळपात पोहोचलेली असेल.